सोळा शब्द लक्षात राहिले, पण गॅसचं काय? एमएसमधल्या स्मृतीवरचे दोन पेपर शेजारी ठेवून वाचताना

आमच्या जर्नल क्लबमध्ये दर शुक्रवारी कुणीतरी एक पेपर मांडतं आणि बाकीचे चहा पिता पिता त्याची चिरफाड करतात. माझी पाळी होती तेव्हा मी मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस असलेल्या लोकांच्या स्मृतीवरचा एक गाजलेला पेपर घेतला होता. शेवटच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रशिक्षणाने स्मृती सुधारते'. प्रश्न विचारा म्हटल्यावर एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी म्हणाली, "ताई, म्हणजे त्या लोकांचं गॅस बंद करायला विसरणं थांबलं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेपरात आलेख होता, पी-व्हॅल्यू होती, दोन गटांची तुलना होती, पण गॅस नव्हता. "तसं थेट मोजलेलं नाही, पण..." असं काहीतरी पुटपुटून मी खाली बसले. त्या 'पण'च्या पुढे काय यायला हवं होतं ते शोधत असताना दुसरा एक पेपर वाचला. तो वरवर पाहता पहिल्याच्या अगदी उलट सांगतो. आज हे दोन्ही शेजारी ठेवून वाचू या. तुम्ही पीएच.डी.चं प्रपोजल लिहायला बसला असाल तर विषय एमएस नसला तरी वाचा. यात अडकायची जागा सगळ्यांसाठी सारखीच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते. आवरण झिजलं की संदेश मंदावतात किंवा अडतात. पाय अडखळणं, नजर धूसर होणं, प्रचंड थकवा ही लक्षणं डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्या पटकन लक्षात येतात. विसरणं तसं दिसत नाही. त्यात हा आजार बहुतेकांना विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो. म्हणजे ज्या वयात नोकरी, मुलं, कर्जाचे हप्ते सगळं एकदम चालू असतं त्याच वयात. अशा माणसाला मीटिंगमध्ये आत्ता काय ठरलं ते आठवेनासं झालं तर लोक त्याला आजारी म्हणत नाहीत, निष्काळजी म्हणतात.

1991 साली राव आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी रुग्णालयात भरती असलेले रुग्ण न घेता समाजात राहणारे एमएसचे 100 लोक घेतले आणि त्यांची 100 निरोगी लोकांशी तुलना केली. त्यातून आलेला 43 टक्के हा आकडा अजूनही या विषयावरच्या बहुतेक पेपरांच्या पहिल्या परिच्छेदात सापडतो. तो वापरताना एक काळजी घ्या. हे प्रमाण एकूण आकलनविषयक अडचणींचं आहे, फक्त स्मृतीचं नाही. अनेक प्रपोजलांमध्ये '43 टक्के रुग्णांना स्मृतिदोष असतो' असं सरळ लिहिलेलं दिसतं. गाईडच्या नजरेतून ते सुटलं तरी परीक्षकाच्या नजरेतून सुटेलच असं नाही.

पुढचा प्रश्न असा की बिघडतं नेमकं काय? फडताळाचं उदाहरण घ्या. एखादी वस्तू सापडत नाही याची दोन कारणं असू शकतात. एक तर ती आत आहे, पण हाताला लागत नाही. किंवा ती आत नीट ठेवलीच गेली नव्हती. सुरुवातीला संशोधकांचा कल पहिल्या कारणाकडे होता, म्हणजे आठवण बाहेर काढण्यातला दोष. 1994 मध्ये डीलूका आणि सहकाऱ्यांनी एक साधी पण हुशार गोष्ट केली. त्यांनी सगळ्यांना सारख्याच वेळा यादी ऐकवली नाही. प्रत्येकाची यादी पूर्ण पाठ होईपर्यंत ऐकवली. एमएस असलेल्यांना जास्त फेऱ्या लागल्या. पण एकदा दोन्ही गटांचं शिकणं सारख्या पातळीवर आल्यावर, नंतर आठवण्यात ते निरोगी लोकांच्या बरोबरीने होते. निष्कर्ष असा की मुख्य अडचण आत ठेवण्यात आहे. पुढच्या काळात या चित्रात बारकावे आले. माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेगच मंदावल्यामुळे ती नीट आत जात नाही, हा त्यातला महत्त्वाचा. पण उपचाराच्या दृष्टीने दिशा ठरली. ठेवण्याची पद्धत सुधारली तर सापडणंही सुधारेल.

पहिला पेपर : मेमरिहॅब, 2013

चिआराव्हालोटी, डीलूका आणि सहकाऱ्यांची ही ट्रायल अमेरिकेत न्यू जर्सीत झाली आणि 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात आली. त्यांनी शिकवलेल्या पद्धतीचं नाव आहे सुधारित गोष्ट-स्मृती तंत्र. पाच आठवड्यांत दहा सत्रं. आधीच्या सत्रांत ऐकलेल्या गोष्टीचं डोळ्यांसमोर चित्र उभं करायला शिकवतात. मग सुट्या शब्दांची स्वतः गोष्ट गुंफून ती लक्षात ठेवायला शिकवतात. शेवटच्या दोन सत्रांत हेच रोजच्या कामांना कसं लावायचं ते सांगतात.

एकूण 86 लोक, त्यातले 41 उपचार गटात आणि 45 प्लासिबो गटात. मला या ट्रायलचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते या प्लासिबोचं. नियंत्रण गटातले लोकही तितक्याच वेळा यायचे, प्रशिक्षकासमोर बसायचे, गोष्टी वाचायचे, प्रश्नांची उत्तरं द्यायचे. फक्त तंत्र शिकवलं जात नव्हतं. त्यामुळे 'कुणीतरी आपुलकीने विचारपूस केली म्हणून बरं वाटलं' हे स्पष्टीकरण बऱ्यापैकी बाद होतं. आपण कुठल्या गटात आहोत हे सहभागींना माहीत नव्हतं आणि चाचणी घेणाऱ्यालाही नव्हतं. वर्तनावरच्या उपचारांत हे जमवणं किती कठीण असतं, हे ज्याने प्रयत्न केलाय त्यालाच कळेल.

निकाल असा : शब्दयादी शिकण्याच्या चाचणीतला 'लर्निंग स्लोप', म्हणजे शिकण्याचा चढ, उपचार गटात लक्षणीय सुधारला. रोजच्या स्मृतीसारखी कामं देणाऱ्या वस्तुनिष्ठ चाचणीत आणि समाधानाच्या प्रश्नावलीतही सुधारणा दिसली. उदासीनता आणि कामाची आखणी याबाबत घरच्यांनी दिलेल्या अहवालातही फरक होता. सहा महिन्यांनंतर शिकण्याचा चढ आणि समाधान यांतली सुधारणा टिकून होती. नियतकालिकाने या पुराव्याला पहिल्या वर्गाचा दर्जा दिला.

माझी स्लाइड इथूनच आली होती. आता तिच्यात काय चुकलं ते पाहू.

चढ म्हणजे नक्की काय?

ही चाचणी अशी असते. सोळा शब्दांची यादी वाचून दाखवतात. आठवतील तेवढे शब्द सांगायचे. मग तीच यादी पुन्हा. असं पाच वेळा. प्रत्येक फेरीत सरासरी किती शब्द वाढले, तो झाला चढ.

समजा दोन माणसं आहेत. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पेपरातले नाहीत. पहिल्याला पाच फेऱ्यांत 4, 6, 8, 10, 12 शब्द आठवले. दुसऱ्याला 8, 9, 10, 11, 12. पहिल्याचा चढ 2, दुसऱ्याचा 1. म्हणजे चढ पाहिला तर पहिला दुप्पट हुशार! पण एकूण शब्द मोजा. पहिल्याचे 40, दुसऱ्याचे 50. शेवटच्या फेरीत दोघंही 12 वरच आहेत. दुसरा सुरुवातीलाच जास्त शब्द धरतो, म्हणून त्याला चढायला जागाच कमी उरते.

म्हणजे चढ एकटा बोलत नाही. पहिल्या फेरीत काय झालं आणि शेवटी किती शब्द आले, हे त्याच्या शेजारी ठेवल्याशिवाय तो वाचता येत नाही. लेखकांनी चढ निवडला त्यामागे तर्क आहे, हेही मान्य करायला हवं. दोष शिकण्याच्या टप्प्यावर आहे असं त्यांचं प्रतिपादन, उपचार शिकण्याच्या टप्प्यावर, मग मोजमापही तिथलंच. ही साखळी सुसंगत आहे. पण सुसंगत मापन आणि पुरेसं मापन यांत फरक असतो. माझ्या स्लाइडवरच्या 'स्मृती' या शब्दाचं ओझं एकट्या चढाला पेलणारं नव्हतं.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. प्रशिक्षण काय होतं? सुटे शब्द गोष्टीत गुंफून लक्षात ठेवणं. चाचणी काय होती? सुटे शब्द लक्षात ठेवणं. सहा महिने पोहायला शिकवून मग पोहण्याचीच परीक्षा घेतली तर पोहणं सुधारलेलं दिसणारच. त्यात गैर काही नाही, उलट तेवढंही दिसलं नाही तर उपचार सोडूनच द्यावा. पण त्यावरून 'व्यायामक्षमता वाढली' असं म्हणायला आणखी काहीतरी दाखवावं लागतं. मेमरिहॅबने ते दाखवायचा प्रयत्न केला, दैनंदिन स्मृतीची वस्तुनिष्ठ चाचणी घेतली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवं. मात्र सहा महिन्यांनी टिकून राहिलेल्या गोष्टींच्या यादीत चढ आणि समाधान आहेत. गॅसच्या जवळ जाणारं मापन त्या यादीत नाही.

आणि 'पहिल्या वर्गाचा पुरावा' या शब्दांनी दिपून जाऊ नका. मी गेले होते. हा दर्जा अभ्यासाच्या रचनेला असतो, म्हणजे पक्षपात शिरण्याच्या वाटा किती बंद केल्या आहेत, याला. परिणाम किती मोठा आहे किंवा रुग्णाला त्याचा किती उपयोग आहे, याबद्दल तो काही बोलत नाही.

दुसरा पेपर : क्रॅम्स, 2020

आता इंग्लंडला जाऊ. लिंकन, दास नायर आणि सहकाऱ्यांची क्रॅम्स ही ट्रायल तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन निधीतून झाली. आकाराने ती मेमरिहॅबच्या पाचपट. 449 लोक, त्यांपैकी 245 जणांना पुनर्वसन कार्यक्रम, 204 जणांना नेहमीची सेवा. दर आठवड्याला एक अशी दहा सत्रं, छोट्या गटांत. अवधान आणि स्मृती यांना व्यायाम देणं हा एक भाग, आणि डायरी, कॅलेंडर, फोन, मनातल्या मनात वापरायच्या युक्त्या अशा आधारांचा सराव हा दुसरा भाग.

प्रायमरी आउटकम काय होता? बारा महिन्यांनी एमएसचा मानसिक परिणाम मोजणारी उपप्रश्नावली. दोन गटांतला फरक 0.6 गुणांचा आला, कॉन्फिडन्स इंटर्व्हल उणे 1.5 ते अधिक 0.3. म्हणजे महत्त्वाचा फरक नाही. आकलनाच्या चाचण्या, थकवा, नोकरी, काळजी घेणाऱ्यांवरचा ताण यांतही महत्त्वाचा फरक नाही. रोजच्या विसरण्याबद्दल लोकांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीत आणि मनःस्थितीत मात्र पुनर्वसनाच्या बाजूने लहानसा फरक होता. मुलाखतींतही लोकांनी फायदा झाल्याचं सांगितलं.

हा पेपर वाचून आमच्या लॅबमधला एकजण म्हणाला, "म्हणजे काम करत नाही. विषय संपला." मेमरिहॅब वाचून मी जितकी घाईने 'काम करतं' म्हटलं होतं, तितक्याच घाईने.

थांबून ती प्रायमरी प्रश्नावली उघडून पाहा. मानसिक परिणामाच्या भागात नऊ प्रश्न आहेत. बरं न वाटणं, झोपेच्या तक्रारी, मानसिक थकवा, आजाराची चिंता, तणाव, चिडचिड, एकाग्रतेची अडचण, आत्मविश्वास कमी होणं, उदास वाटणं. नऊपैकी एक प्रश्न एकाग्रतेचा. स्मृतीचा थेट प्रश्न एकही नाही. आता कल्पना करा, दहा सत्रांत तुम्ही डायरी वापरायला शिकलात आणि गोळ्या वेळेवर घ्यायला लागलात. वर्षभराने तुमची झोप सुधारावी, आजाराची चिंता कमी व्हावी, ही अपेक्षा त्या डायरीकडून ठेवायची का? साखळी फारच लांबची आहे. मधली एक कडी निसटली तरी शेवटी शून्यच दिसणार.

हे मापन निवडण्यामागेही तर्क आहे, तो नाकारून चालणार नाही. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या आरोग्यसेवेला विचारायचं असतं की यामुळे माणसाचं जगणं सुधारतं का आणि खर्च परवडतो का. चाचणीत दोन शब्द जास्त आठवले याला कुणी निधी देत नाही. तो प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तरही प्रामाणिकपणे दिलंय. इथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कॉन्फिडन्स इंटर्व्हल अरुंद आहे. म्हणजे 'आम्हाला काही सापडलं नाही' एवढंच हा निकाल म्हणत नाही. 'या मापनावर फरक असलाच तर लहान आहे' असं तो बऱ्यापैकी खात्रीने सांगतो. छोट्या अभ्यासातला 'फरक नाही' आणि 449 जणांच्या अभ्यासातला 'फरक नाही' यांची किंमत सारखी नसते.

क्रॅम्सची खरी कमजोरी माझ्या मते दुसरीकडे आहे. नियंत्रण गटाला नेहमीची सेवा होती, म्हणजे दहा आठवडे एकत्र बसणं, बोलणं, आपल्यासारखीच दुसरी माणसं भेटणं यातलं काहीच नाही. आणि आपण कुठल्या गटात आहोत हे सहभागींना अर्थातच माहीत होतं. मग स्वतः भरलेल्या प्रश्नावलीत जो लहानसा फायदा दिसला तो तंत्रामुळे की सोबतीमुळे? रचनेतून हे सांगता येत नाही. मेमरिहॅबने नेमकी हीच वाट बंद केली होती.

विसरणाऱ्यालाच विचारायचं, किती विसरता?

स्वतः भरायच्या प्रश्नावलीचा मुद्दा जरा वेगळा काढते, कारण तुमच्यातले निम्मे जण तीच वापरणार आहात. 'गेल्या महिन्यात तुम्ही किती वेळा वस्तू कुठे ठेवली ते विसरलात?' या प्रश्नाचं उत्तर द्यायला काय लागतं? स्मृती! जो विसरलेलंही विसरतो त्याचा गुण चांगला येतो. आणि उदास माणसाला आपलं सगळंच बिघडलेलं वाटतं. एमएसवरच्या संशोधनात हे वारंवार दिसलंय की रुग्णाने स्वतः सांगितलेल्या तक्रारी वस्तुनिष्ठ चाचणीपेक्षा नैराश्याशी जास्त जुळतात. जवळच्या माणसाने दिलेला अहवाल मात्र चाचणीशी त्यापेक्षा बरा जुळतो.

आता क्रॅम्सचा निकाल पुन्हा वाचा. विसरण्याच्या तक्रारी किंचित कमी झाल्या, मनःस्थिती किंचित सुधारली, वस्तुनिष्ठ चाचण्या होत्या तिथेच. एक शक्यता अशी की लोक खरोखर कमी विसरायला लागले, कारण डायरी वापरायला लागले, आणि डायरीचा फायदा शब्दयादीच्या चाचणीत दिसणं शक्यच नाही. त्या चाचणीत डायरी वापरायची मुभा नसते ना! दुसरी शक्यता अशी की विसरणं तेवढंच राहिलं, पण मन हलकं झालं म्हणून ते कमी बोचायला लागलं. दोन्ही शक्यता त्याच आकड्यांत बसतात. रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर दुसरीही काही कमी मोलाची नाही. पण संशोधक म्हणून दोन्हींना 'स्मृती सुधारली' असं एकच नाव देता येणार नाही.

मग कुणाचं खरं?

माझं मत आता असं झालंय की या दोन पेपरांत भांडण नाहीच. मेमरिहॅब विचारतं, 'शिकवलेलं तंत्र शिकता येतं का, आणि त्याने शिकणं सुधारतं का?' उत्तर : हो. क्रॅम्स विचारतं, 'असा कार्यक्रम दिला तर वर्षभराने एमएसचं मनावरचं ओझं हलकं होतं का?' उत्तर : नाही. दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात. शिवाय उपचारही वेगळे होते. एकात एकच तंत्र खोलात जाऊन शिकवलं, दुसऱ्यात अनेक युक्त्यांचं गाठोडं गटात दिलं. 'मेमरी रिहॅबिलिटेशन' हे एकच नाव असल्यामुळे आपल्याला ते एकच वाटतं.

म्हणूनच कॉक्रेनसारख्या आढाव्यांचा शेवटचा परिच्छेद वाचून थांबू नका. या विषयावरच्या त्यांच्या 2016 च्या आढाव्यात 15 अभ्यास आणि 989 लोक होते, 2021 च्या आवृत्तीत 44 अभ्यास आणि 2714 लोक. पुरावा वाढला ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यातला प्रत्येक अभ्यास कुठल्या पायरीवर मोजतोय, हे कोष्टकात जाऊन पाहावंच लागतं.

पायऱ्या मी अशा मांडते. पहिली पायरी, शिकवलेल्या तंत्राच्या जवळची चाचणी : शब्दयादी, गोष्ट आठवणं. दुसरी पायरी, रोजचं प्रत्यक्ष काम : ठरलेल्या वेळी गोळी घेणं, निरोप पोचवणं, गॅस बंद करणं. तिसरी पायरी, त्याचा जगण्यावरचा परिणाम : नोकरी टिकणं, मनावरचा भार, घरच्यांचा ताण. मेमरिहॅबने मुख्य वजन पहिल्या पायरीवर ठेवलं, क्रॅम्सने तिसऱ्यावर. दोन्हींनी दुसऱ्या पायरीकडे पाहिलं, पण तिला मुख्य जागा कुणीच दिली नाही. आणि रुग्णाचा प्रश्न तिथलाच असतो. त्या मुलीचाही तिथलाच होता.

दुसरी पायरी मोजायला अवघड आहे हे खरं. त्यात गॅस बंद करणं किंवा वेळेवर गोळी घेणं ही पुढे करायच्या कामाची आठवण आहे. ऐकलेले शब्द परत सांगण्यापेक्षा ती वेगळी क्षमता आहे. इथे कुणी 'आता सांगा' म्हणत नाही, स्वतःलाच योग्य क्षणी आठवावं लागतं. शब्दांची गोष्ट करायचं तंत्र इथे उपयोगी पडेल असं गृहीत धरता येत नाही. ते दाखवावं लागेल. मी स्वतः अभ्यास आखला तर नियंत्रण गट मेमरिहॅबसारखा घेईन, फॉलोअप क्रॅम्ससारखा वर्षाचा ठेवीन, आणि प्रायमरी आउटकम म्हणून घरातलं एखादं मोजता येण्याजोगं काम घेईन. शब्दयादी आणि मनःस्थिती दोन्ही असतील, पण बाजूला, साखळी कुठे तुटते ते कळावं म्हणून.

आणि हे मराठीत करायचं झालं तर?

तुमच्यापैकी कुणी इथल्या रुग्णांसोबत असं काम करणार असेल तर एक व्यावहारिक गोष्ट. शब्दयादीचं भाषांतर करून भागत नाही, यादी नव्याने बांधावी लागते. भाज्यांच्या गटात 'कांदा' आणि 'बटाटा' दोन्ही टाकलेत तर ते दोन शब्द राहत नाहीत, आपल्या तोंडात ते एकत्रच येतात. मीठ-मिरची, चहा-साखर, पोळी-भाजी यांचंही तेच. गोष्ट गुंफायचं तंत्र ज्याला शिकवलेलं नाही त्यालाही अशी जोडी फुकटात मिळते, आणि मग गटांतला फरक पुसट होतो. शब्दांची लांबी, गावाकडचा आणि शहरातला वापर, सहभागींचं शिक्षण किती, हेही तपासावं लागतं. वांगं सगळ्यांना माहीत, ब्रोकोली नाही. हे काम कंटाळवाणं आहे आणि थीसिसमध्ये त्याला दोन पानंही मिळत नाहीत. पण पहिली पायरीच डळमळीत असेल तर वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहता येणार नाही.

शेवटी

मी त्या स्लाइडवरचं वाक्य नंतर बदललं. आता तिथे असं आहे : 'एमएस असलेल्या आणि शिकण्यात अडचण असलेल्या लोकांना हे तंत्र शिकवल्यावर शब्दयादी शिकण्याचा चढ सुधारतो आणि ही सुधारणा सहा महिने टिकते. घरातल्या कामांवरचा टिकाऊ परिणाम अजून दाखवायचा आहे.' वाक्य लांबलं, टाळ्यांच्या लायकीचं राहिलं नाही. पण आता कुणी गॅसबद्दल विचारलं तर उत्तर देता येईल.

समोर बसलेल्या रुग्णाला 'काही उपयोग नाही' म्हणणं जितकं चूक, तितकंच 'स्मृती सुधारेल' असं वचन देणंही. एक सांगेल की डायरी शिकूनही काही होणार नाही, दुसरं सांगेल की दहा सत्रांत तुम्ही पूर्वीसारखे व्हाल. पुरावा या दोन्हींपैकी काहीच सांगत नाही.

पुढचा पेपर वाचताना गोषवारा झाकून ठेवा आणि आधी फक्त मेथड्समधला आउटकमचा परिच्छेद वाचा. ती चाचणी किंवा प्रश्नावली मिळवा आणि स्वतः सोडवून पाहा. मग कागदावर लिहा की या मापनावरून जास्तीत जास्त कोणतं वाक्य म्हणता येईल. त्यानंतर गोषवारा उघडा. तुमचं वाक्य आणि लेखकांचं वाक्य यांत जे अंतर पडेल, तिथून तुमची चिकित्सा सुरू होते. आणि आपल्या प्रपोजलला हेच लावून पाहा. मी लावलं तेव्हा मला तीन पानं पुन्हा लिहावी लागली.